झटके थांबवणारे कडू मीठ

गरोदरपणात बीपी वाढून बाईला झटके आले की अजूनही कुणी म्हणते, अंगात आलंय. पण तो आजार आहे. त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात, आणि त्यावर औषध आहे: मॅग्नेशियम सल्फेट. दवाखान्यात नर्सताई त्याला मॅगसल्फ म्हणतात.

हे मूळचे इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या झऱ्यातले कडू मीठ. सतराव्या शतकापासून लोक ते पोट साफ व्हायला घेत. झटक्यांवर मात्र तेव्हा युरोपात बाईचे रक्त काढत, पुढे अंधाऱ्या खोलीत गुंगीची औषधे देऊन ठेवत. 1906 साली जर्मनीत हॉर्न या डॉक्टरांनी झटक्यांसाठी मॅग्नेशियम टोचून पाहिले. 1925-26 मध्ये अमेरिकेत लाझार्ड यांनी ते शिरेतून, तर डॉर्सेट यांनी स्नायूत दिले.

झटके थांबतात ते मुख्यतः मेंदूवरच्या परिणामाने. पण हे औषध स्नायूंवरही काम करते. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचायला कॅल्शियम लागते. मॅग्नेशियम त्या कॅल्शियमची वाट अडवते, आणि स्नायू सैल पडतो. मात्रा फार वाढली तर श्वासाचे स्नायूही थांबतात. पण त्याआधी शरीर इशारा देते: गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारली तरी पाय उडत नाही.

अमेरिकेतल्या डॅलसच्या प्रिचर्ड यांनी मात्रा ठरवून दिली. प्रत्येक इंजेक्शनआधी गुडघा, श्वास आणि लघवी तपासायची, कारण हे औषध लघवीवाटेच बाहेर पडते. 1984 मध्ये त्यांनी 245 बायकांचा हिशेब मांडला. त्यात मृत्यू एकच, तोही मात्रा जास्त झाल्याने.

तरी जगभर डॉक्टरांचे एकमत नव्हते. 1995 मध्ये भारतासह अनेक देशांतल्या मोठ्या चाचणीत मॅगसल्फ इतर दोन औषधांपेक्षा सरस ठरले. 2002 मध्ये 33 देशांतल्या सुमारे 10,000 बायकांवरच्या चाचणीत दिसले की बीपी वाढलेल्या गरोदर बाईला ते आधीच दिले तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो.

म्हणून बायांनो, नर्सताई गुडघ्यावर हातोडी मारते, लघवी मोजते, तेव्हा कंटाळू नका. ती त्या बाईचा जीव राखत असते. गटातल्या गरोदर सुनेचे डोके सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तोंड-हात सुजले असतील, तर त्याच दिवशी बीपी तपासून घ्या. झटका आलाच तर तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि लगेच 108 ला फोन करा.