छायाचित्रातली छाया

आपल्या भाषेत फोटोला दोन शब्द आहेत. एक प्रकाशचित्र, दुसरा छायाचित्र. यंत्राच्या दृष्टीने पहिला बरोबर, पण रूढ झाला दुसरा. वर्तमानपत्रात फोटोखाली 'छाया' लिहून काढणाऱ्याचं नाव देण्याची पद्धत आहे. आज आपण त्या छायेबद्दल आणि प्रतिबिंबाबद्दल बोलू. उदाहरण आमच्या उजनीकाठचं.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याआधीच्या काही वर्षांत करमाळा, इंदापूर भागातली नदीकाठची गावं उठली आणि माळावर नवी गावठाणं बसली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती, पण सव्वाशे वर्षांनीही आमच्यासारख्या घरांत कॅमेरा नव्हता. फोटो म्हणजे तालुक्याच्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे, लग्नानंतर काढलेला. त्यामुळे माणसं फोटोत राहिली, घरं राहिली नाहीत.

आमच्याकडे मात्र एक फोटो होता. गाव सोडायच्या आधी वडिलांनी पाहुण्यांचा पेटीसारखा कॅमेरा मागून आणला आणि माळवदाच्या घरापुढे आईला उभं करून फोटो काढला. त्या साध्या कॅमेऱ्याला ऊन भरपूर लागे, म्हणून शिकवण एकच : सूर्य पाठीशी ठेवा. सकाळची वेळ. साहजिकच वडिलांची लांब सावली अंगणात पुढे पडली, आईच्या पावलांपर्यंत. कॅमेरा पोटाशी धरून वाकून पाहावं लागे, म्हणून सावलीची मान खाली. घराचं तोंड पूर्वेला होतं, हेही त्या सावलीवरूनच सिद्ध होत होतं.

वडील गेल्यावर तो फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्याला आम्हीच सांगितलं, ''खालचं ते काळं काढून टाका.'' त्याने काढलं. मूळ प्रत परत आणायची राहिली, पुढे ते दुकानही राहिलं नाही. जुन्या गावातलं वडिलांचं एकमेव चित्र आम्ही डाग समजून कापलं.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याच्या हातून हे व्हावं, हे जास्त लागतं. वर्गात आम्ही तो जुना वाद वर्षानुवर्षं शिकवला. नैयायिक म्हणतात, अंधार म्हणजे प्रकाशाचा निव्वळ अभाव. भाट्ट मीमांसक म्हणतात, नाही, ते द्रव्य आहे. त्याला काळा रंग आहे, ते हलताना दिसतं. परीक्षेत दोन्ही बाजू लिहायच्या नि मोकळं व्हायचं. इतिहासात मात्र एवढ्यावर भागत नाही. सावली हा प्रकाशाचा अभाव असेलही, पण प्रकाश अडवणारा माणूस तिथे उभा होता, याचा तो पुरावा असतो.

आता प्रतिबिंब. पाणी खूप उतरलं की कुगावचा इनामदारांचा वाडा, पलीकडच्या काठाला पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं. आपली नातवंडं होडीतून मोबाइलवर फोटो काढतात. त्या फोटोत भिंत आणि तिचं प्रतिबिंब जिथे मिळतात, ती रेघ म्हणजे त्या दिवशीची पाण्याची पातळी. दगडांचे थर मोजून ती सांगता येते. शिवाय प्रतिबिंब ही नुसती उलटी नक्कल नसते. आपला डोळा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच खाली असता, तर जे दिसलं असतं ते पाणी दाखवतं. म्हणून कमानीचं खालचं अंग, जे वरून नीट दिसत नाही, ते प्रतिबिंबात सापडतं.

पण एक अडचण आहे. पाणी तळाला जातं ते उन्हाळ्यात, आणि मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर, सावली पायाखाली. जुनं गाव दिसतं नेमकं तेव्हाच काढणाऱ्याची खूण फोटोत उमटत नाही. म्हणून सकाळी जा, नाहीतर दिवस कलल्यावर. आपली सावली पडली तर पडू द्या. फोटोबरोबर तारीख, वेळ आणि कुणी काढला ते लिहून ठेवा. आणि ट्रंकेतला जुना फोटो मोठा करायला द्याल, तेव्हा बजावून सांगा, काही कापू नका.

आमच्या भिंतीवर आई आहे. ती कॅमेऱ्याच्या जरा वर बघते आहे. कुणाकडे, ते आम्ही सांगायला आहोत तोवरच कळणार.