मिस्कीन ते मेस्कीनो

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात माणसाहून उंच असा एक काळा दगडी स्तंभ आहे. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने इ. स. पू. १७५० च्या सुमारास त्यावर आपले कायदे कोरवून घेतले. त्यात माणसांच्या तीन पायऱ्या दिसतात : वर खानदानी नागरिक, तळाशी गुलाम आणि मध्ये 'मुश्केनुम'. नागरिकाने नागरिकाचा डोळा फोडला, तर त्याचाही डोळा फोडायचा. पण मुश्केनुमचा फोडला, तर एक मीना, म्हणजे सुमारे अर्धा किलो चांदी देऊन मोकळे व्हायचे. मुश्केनुम या शब्दाच्या मुळाशी जमिनीवर लोटांगण घालण्याची क्रिया आहे. स्पॅनिश भाषेतल्या एका शिवीचा माग काढत आपण निघालो, की वाट या लोटांगणापाशी येऊन थांबते.

बॅबिलोनच्या अक्कादी भाषेतून हा शब्द अरामीत गेला, तिथून अरबीत 'मिस्कीन' झाला आणि त्याच्या वाट्याला मान आला. कुराणात जकातीचे, म्हणजे धर्मदानाचे, जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत 'फकीर' पहिला आणि 'मिस्कीन' दुसरा. या दोघांत अधिक गरीब कोण, यावर हनफी आणि शाफई पंथांच्या धर्मशास्त्रज्ञांनी बारकाईने वाद घातले. गरिबीच्या पायऱ्या मोजायच्या त्या कोणाला आधी द्यायचे हे ठरवण्यासाठी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

इ. स. ७११ मध्ये अरब-बर्बर फौजा सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरल्या, आणि त्यांच्या भाषेतले शेकडो शब्द तिथल्या मातीत रुजले. उत्तरेकडच्या सान मिल्यान मठात एक लॅटिन हस्तलिखित होते. आज ते माद्रिदला आहे. दहाव्या-अकराव्या शतकात कोणा भिक्षूने अवघड लॅटिन शब्दांचे अर्थ त्याच्या समासात आणि ओळींच्या मध्ये बोलभाषेत टिपून ठेवले. लॅटिनमधल्या 'गरिबां'साठी त्याने लिहिले आहे 'मिस्किनोस'. ख्रिस्ती मठातल्या त्या भिक्षूला गरिबासाठी सुचलेला शब्द अरबी होता! नावारे आणि आरागोन प्रांतांत जमिनीला बांधलेल्या कुळांनाही 'मेस्कीनो' म्हणत. सिद या स्पॅनिश योद्ध्यावरच्या जुन्या वीरकाव्यात लूट वाटल्यावर त्याच्या माणसांत एकही मेस्कीनो सापडत नाही. तिथेही अर्थ निव्वळ गरीब असाच आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये आकांत करणारी बाई स्वतःला 'मेस्कीना' म्हणे, आपल्याकडे बाया 'मी अभागी' म्हणतात तशी.

मग वळण आले. हळूहळू मेस्कीनोचा अर्थ चिक्कू, कोत्या मनाचा, क्षुद्र असा झाला. या वळणाची तारीख सांगता येत नाही, पण त्याची वाट दिसते. सरंजामी जगात हात सैल सोडून देणे हीच थोरवी. ज्याच्या हातून काही सुटत नाही तो गरिबासारखा वागतो. गरिबाला देता येत नाही आणि चिक्कूला द्यायचे नसते. पण घेणाऱ्याची ओंजळ दोन्हीकडे रिकामीच राहते. त्या रिकाम्या ओंजळीवरून भाषेने दोघांना एकच ठरवले, आणि दोष गरिबाच्या स्वभावाला चिकटला. हे फक्त स्पेनमध्ये घडले असे नाही. कृपेचे आणि कृपणाचे मूळ एकच. संस्कृतात कृपण म्हणजे आधी कीव यावी असा दीन माणूस. मराठीत तो येईपर्यंत पैशाला चिकटलेला कंजूष झाला होता.

इतर भाषांत या शब्दाच्या नशिबी निरनिराळे आले. फ्रेंचमध्ये तो 'मेस्कें' होऊन कद्रू ठरला, तुर्कीत आळशी. स्वाहिलीत 'मास्किनी' आजही गरीबच आहे. मराठीलाही फारसीच्या हातून 'मिस्कीन' मिळाला, तोही दीन-गरीब याच अर्थाने. मेक्सिकोत तर बोटावर उगवणाऱ्या चामखिळीला मेस्कीनो म्हणतात. स्पॅनिश अकादमीच्या कोशात 'गरीब' हा अर्थ अजून नोंदलेला आहे, वापरातून गेलेला अशी खूण लावून.

जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर आहे. मोरोक्कोच्या काठावर कुणाचे मूल आजारी पडले, तर शेजारीण आजही हळहळून 'मिस्कीन' म्हणते. पलीकडे स्पेनच्या काठावर, जेवणाचे बिल आले की खिशात हात न घालणाऱ्याला त्याचेच मित्र पाठीमागे मेस्कीनो म्हणतात. दोन्ही काठांमधून रोज बोटी ये-जा करतात.