हट्टी नव्हे, घाबरलेली

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते, मुलांना ‘आ’ करायला सांगितलं जातं आणि दात किडलेल्या मुलांच्या घरी निरोप जातो. आमच्या दोडामार्गातून मग बरेच जण गोव्याची वाट धरतात. बांबोळीचं डेंटल कॉलेज 1980 पासून आहे.

माझ्या वर्गातली दुसरीतली एक मुलगी उपचाराला जाऊन आली, पण दात तसाच राहिला. खुर्चीवर बसलीच नाही. तिची अम्मी म्हणाली, “सर, भारी हट्टी आहे ही.” मुलीला विचारलं तर कळलं, घरातून निघताना तिला ‘फिरायला जातोय’ एवढंच सांगितलं होतं. त्याआधी जेवली नाही की ‘डॉक्टरकडे नेऊन सुई मारायला लावीन’ हेही ऐकून झालेलं. म्हणजे फिरायला म्हणून निघालेली पोर थेट त्या सुईवाल्यासमोर उभी.

दाताच्या रुग्णाचं भय ही जुनीच गोष्ट आहे. कुर्तुब्याजवळच्या जहरा शहरातले अबुल कासिम अल-जहरावी यांनी इसवी सन 1000 च्या सुमारास ‘किताब अल-तसरीफ’ पूर्ण केला. त्याच्या शस्त्रक्रियेच्या भागात हत्यारांची चित्रं आहेत, त्यात दात काढायचे चिमटेही आहेत. दुखणारा दात कोणता याची आधी नीट खात्री करा, वेदना रुग्णाला फसवते, हेही त्यात सांगितलं आहे. गळू फोडताना रुग्ण घाबरू नये म्हणून पातं लपलेला चाकू त्यांनी वापरला. रुग्णाच्या मनाचा हजार वर्षांपूर्वी केलेला हा विचार मला फार मोठा वाटतो. पण त्याच पुस्तकात दात उपटताना रुग्णाचं डोकं गुडघ्यांमध्ये घट्ट धरायलाही सांगितलंय. भूल नसलेल्या काळात दुसरं करणार तरी काय?

लपवणं आणि धरून ठेवणं, हे दोन उपाय पुढे शतकानुशतकं चालले. अमेरिकेत तर रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धत रीतसर शिकवली जायची. तिथल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती आपल्या मार्गदर्शनातून 2006 साली काढली. इतक्या उशिरा!

त्याच अमेरिकेत वेगळा विचारही होता. 1914 साली बोस्टनमध्ये मुलांसाठी फोर्सिथ दंतचिकित्सालय उघडलं. तिथे मुलांच्या बसायच्या खोलीत भिंतींवर गोष्टींची चित्रं असलेल्या फरशा लावल्या होत्या. अलीगढला शिकलेले, ढाक्याकडचे डॉ. रफीउद्दीन अहमद आयोवातून 1915 ला दंतवैद्यकाची पदवी घेऊन याच चिकित्सालयात काम करत होते. परत येऊन 1920 साली त्यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय काढलं आणि त्यासाठी पैसा उभा केला तो ‘न्यू यॉर्क सोडा फाउंटन’ या दुकानातून. गोड सोड्यावर दातांचं कॉलेज! 1964 ला त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचा जन्मदिवस, 24 डिसेंबर, आपल्याकडे दंतवैद्य दिन म्हणून पाळतात. आमच्या मुलांना सर सय्यद ठाऊक असतात, पण अलीगढचा हा विद्यार्थी ठाऊक नसतो.

मुलाला आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही रीत अ‍ॅडलस्टन यांनी 1959 मध्ये मांडली. आज जगभर हीच शिकवतात. छोटा आरसा आधी मुलाच्या हातात देतात, वाऱ्याची नळी बोटावर सोडून दाखवतात, मशीनचा आवाज तोंडाबाहेर ऐकवतात. 1962 मध्ये फ्रँकल यांनी मुलाच्या वागण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या, अगदी विरोधापासून ते हसत साथ देण्यापर्यंत. त्यामुळे या भेटीत पोर कुठल्या पायरीवर होतं याची नोंद ठेवता येते. तिथे ‘हट्टी’ असा शिक्का मारून विषय संपत नाही. सुई मात्र आजही बरेच डॉक्टर मुलाच्या नजरेआड धरतात. जहरावींचा चाकू तेवढ्यापुरता टिकून आहे, आणि त्यात मला काही खोटेपणा दिसत नाही. टोचणार आहे हे सांगावं, सुई डोळ्यांपुढे नाचवू नये. ‘फिरायला जातोय’ हे मात्र सरळ खोटं, आणि ते डॉक्टरांच्या नव्हे, आपल्या घरातलं.

दुसऱ्या खेपेला अम्मीने मुलीला सगळं आदल्या रात्रीच सांगितलं. ती रडली, पण अम्मीच्या मांडीवर बसून तिने तोंड उघडलं. त्या दिवशी डॉक्टरांनी फक्त दात मोजले. तिलाही मोठ्याने मोजायला लावले, उर्दूत. दात अजून भरायचा आहे, पुढची तारीख मिळाली आहे.