म्यूडीची पेटी, आशेतचे रंग आणि आपली सुट्टीची बॅग

'सुट्टीत वाचायची पुस्तकं' हा प्रकार आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की त्यालाही कधीतरी सुरुवात झाली असेल हे डोक्यातच येत नाही. पण झाली होती, आणि तीही रेल्वेमुळे. घोडागाडीच्या धक्क्यांत पुस्तकातली ओळ डोळ्यांसमोर टिकणं कठीण. रेल्वे आली आणि माणसाला तासन् तास नुसतं बसून राहायची सोय झाली. १८४१ साली थॉमस कुकने इंग्लंडमधे लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं डोई एक शिलिंग घेऊन नेली आणि परत आणली. १८४८ मधे डब्ल्यू. एच. स्मिथने लंडनच्या यूस्टन स्टेशनवर पुस्तकांचा स्टॉल टाकला. लगोलग रूटलेज प्रकाशनाची 'रेल्वे लायब्ररी' निघाली. एका शिलिंगाला एक कादंबरी!

ही किंमत किती कमी होती बघा. तेव्हा इंग्लंडमधे नवी कादंबरी तीन खंडांत निघायची आणि तिन्ही मिळून साडेएकतीस शिलिंग पडायचे. मध्यमवर्गीय माणूस ती विकत घेणं शक्यच नव्हतं. मग वाचायचं कसं? तर म्यूडीकडून.

चार्ल्स म्यूडीने १८४२ पासून पुस्तकं भाड्याने द्यायला सुरुवात केली. वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. गावोगावच्या कुटुंबांना तो पुस्तकांच्या पेट्या पाठवायचा. आजच्या भाषेत चक्क सबस्क्रिप्शन बॉक्स! पण खरी गंमत लायब्ररीच्या नावात होती: 'सिलेक्ट लायब्ररी'. सिलेक्ट कोणी करायचं? म्यूडीने. घरातल्या तरुण मुलीसमोर मोठ्याने वाचता येणार नाही असं काही पेटीत जाता कामा नये, हा त्याचा खाक्या. आणि तो एकेका कादंबरीच्या शेकड्याने प्रती घ्यायचा, त्यामुळे प्रकाशक त्याच्या पसंतीकडे बघूनच छापायचे. म्हणजे फिल्टर वाचकाच्या घरात न बसता थेट लेखकाच्या टेबलावर येऊन बसला.

जॉर्ज मूर नावाच्या लेखकाला ह्याचा चांगलाच फटका बसला. १८८३ च्या त्याच्या कादंबरीबद्दल गावाकडच्या दोन बायकांनी तक्रारीचं पत्र लिहिलं आणि म्यूडीने पुस्तक जवळपास बाजूलाच ठेवलं. दोन तक्रारी, आणि पुस्तक सगळ्यांसाठी बंद! मूरने चिडून १८८५ मधे एक पुस्तिकाच काढली. तिचा सूर असा, की तुम्ही साहित्याला दाईच्या मांडीवरचं बाळ करून ठेवलंय. शेवटी १८९४ मधे म्यूडी आणि स्मिथ ह्यांनीच महागड्या तीन खंडांना नकार दिला आणि तो प्रकार संपला.

आता जरा फ्रान्समधे जाऊ. लुई आशेत (आपण ज्या प्रकाशनाला हॅशेट म्हणतो, त्याचा संस्थापक) १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनला गेला होता. तिथे त्याने स्मिथचे स्टॉल बघितले आणि परत येऊन फ्रेंच रेल्वे कंपन्यांशी करार केले. १८५३ मधे त्याची रेल्वे ग्रंथमाला आली. तिची रचना मला, एक इंजिनियर म्हणून, फार आवडते: विषयाप्रमाणे मुखपृष्ठाचा रंग. प्रवासाची गाइडं लाल, इतिहास आणि प्रवासवर्णनं हिरवी, परदेशी साहित्य पिवळं, शेती आणि उद्योग निळे, आणि मुलांची सचित्र पुस्तकं गुलाबी. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना बापाने काय करायचं? रंग बघून प्रत्येकासाठी एकेक उचलायचं. इतका साधा यूजर इंटरफेस!

अर्थात आशेतही काही मोकळं रान देत नव्हता. राजकीय वाद पेटवणारं किंवा अश्लील काही विकणार नाही हे त्याने कबूल केलं होतं. पण 'सगळ्यांना चालेल असं एकच' ह्याऐवजी 'ज्याचं त्याला' हे त्याला सुचलं, हे महत्त्वाचं.

आणि ह्या रंगांपैकी गुलाबी रंगाचं नशीब बघा. काउंटेस द सेग्यूर ह्या बाईंचे यजमान पूर्व फ्रान्सच्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. नाती लंडनला राहायला जाणार म्हणून आजीबाईंनी त्यांच्यासाठी गोष्टी लिहून काढल्या. त्या छापून आल्या तेव्हा बाईंनी पंचावन्न ओलांडली होती. त्यांची पुढची नायिका सोफी ही खोड्या करणारी, हावरट, पुनःपुन्हा फजिती होणारी पोरगी. शेवटी तात्पर्य आहेच, पण मुलं वाचायची ती खोड्यांसाठी. आशेतची गुलाबी ग्रंथमाला आजही निघते. शेती-उद्योगाची निळी मात्र कधीच इतिहासजमा झाली.

आपल्याकडे ए. एच. व्हीलरचे स्टॉल १८७७ पासून स्टेशनांवर आले. त्यांनीच १८८८ मधे किपलिंगच्या कथांची पुस्तकं एकेक रुपयाला काढली. पण ती इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी. मराठी घराचं उत्तर वेगळंच निघालं. काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी त्यांनी आडनावच 'मित्र' घेतलं. त्यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मधे काढलेला दिवाळी अंक हा सर्वसाधारणपणे पहिला मानला जातो. इथे पेटीही नाही आणि वेगवेगळे रंगही नाहीत. सगळं एकाच बाइंडिंगमधे. पुढे ही प्रथा रुजली आणि घराघरात एकच अंक हातोहात फिरू लागला. आजी राशिभविष्य उघडणार, काका राजकारणावरचा लेख, पोरं आधी व्यंगचित्रं. कोणी कुठून सुरुवात करायची हे संपादक सांगत नाही.

थोडक्यात, घरासाठी पुस्तकं निवडायच्या तीन पद्धती झाल्या. एकाने सगळ्यांसाठी गाळून द्यायचं, प्रत्येकाला त्याचं वेगळं द्यायचं, किंवा एकच भरगच्च आणून ज्याला त्याला हवं ते पान उघडू द्यायचं.

आमच्याकडे बॅगेत पाच पुस्तकांपुरती जागा असते आणि माणसं चार. सातवीतल्या मुलीसाठी काहीतरी 'उपयोगी' टाकायचा मोह मला दर वेळी होतो. स्पर्धा परीक्षा, कोडिंग, थोर माणसांची चरित्रं... म्हणजे निळा रंग. पण सुट्टीत मूल पुस्तक वाचतं, तेव्हा ते आपल्यावर विश्वास टाकत असतं, की हे मजेसाठी दिलंय. त्यात गुपचूप अभ्यास निघाला की तो विश्वास उडतो, आणि पुढच्या वेळी आपण दिलेलं चांगलं पुस्तकही तसंच पडून राहतं. म्हणून आमचा नियम: चौघांनी आपापलं एकेक निवडायचं, कोणी कोणाच्या निवडीवर तोंड वाकडं करायचं नाही. आई पाचव्यांदा तीच कादंबरी घेते, घेऊ दे. पाचवी जागा दिवाळी अंकाची. गेल्या वर्षीचा असला तरी चालतो, कारण तो कोणा एकाचाच नसतो.

म्यूडीला वाटत होतं की तो कुटुंबांना जपतोय, आणि तसं ते प्रामाणिकही असेल. पण आज जी पुस्तकं नातवंडांच्या हातात आहेत, ती त्या आजीबाईंनी आपल्या नातींना समोर ठेवून लिहिलेली. 'सगळ्यांना चालेल' हा निकष त्यांनी लावलाच नव्हता.