नाव, संख्या आणि स्मरणयात्रा

माजी सैनिक परदेशी स्मरणसोहळ्यास जातो, तेव्हा सोबत्याचे कोरलेले नाव हेच त्याच्या यात्रेचे स्थान असते. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी फ्रान्समधील नव-शापेल येथील भारतीय स्मारकाचे अनावरण झाले. त्या सोहळ्यास शीख, डोग्रा व गढवाली सैनिकांची तुकडी हिंदुस्थानातून गेली होती. त्या भिंतीवर साडेचार हजारांहून अधिक नावे आहेत.

मराठा पलटणींची कथा निराळी आहे. रत्नागिरी व सातारा हे जिल्हे लालबागच्या गिरण्यांना कामगार आणि लष्कराला शिपाई पुरवीत. ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले, तेव्हा त्यांतील शिपाई कैदेत गेले. १९२९ साली उभ्या राहिलेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीखालील संख्येत विरून गेला. स्मरणातील ही विषमता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये मान्य केली.

लालबागच्या चाळीतून एखादा वृद्ध शिपाई बसऱ्यास गेला असता, तरी सोबत्याचे नाव त्यास त्या भिंतीवर वाचता आले नसते. यास्तव यात्रेस कोण गेले, हे विचारण्यापूर्वी नाव कोणाचे कोरले गेले, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे.