कॅसेटवरचं पुसलेलं साल

मढमध्ये इतिहासावर बोलायचं म्हटलं की सुरुवात किल्ल्यापासून होते. आज किल्ला जरा बाजूला ठेवू आणि आपल्याच घराच्या माळ्यावर चढू. तिथे एखाद्या पिशवीत जुना व्हिडिओ गेम सापडेल. दोन रिमोट, एक बंदूक आणि चार-पाच पिवळ्या कॅसेट. आज आपल्याला त्याचा इतिहास बघायचा आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही तो खेळलो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या, नारळी पौर्णिमेपर्यंत मोठी माणसंही घरात. मग टीव्ही बातम्यांचा की आमचा, यावरून रोज भांडण. मारियो, काँट्रा, रणगाड्यांचा खेळ, बदकांची शिकार. त्या यंत्राला आम्ही नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो. खरं नाव कुणाला माहीत होतं?

ते नाव फॅमिकॉम. जपानच्या निन्टेन्डो कंपनीत मासायुकी उएमुरा यांच्या गटाने ते घडवलं आणि जुलै 1983 मध्ये ते बाजारात आलं. आपल्याकडे पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपांचं काम नकल करणाऱ्यांनी एकाच चिपमध्ये कोंबलं आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा थेंब ओतला. म्हणून ते स्वस्त झालं, म्हणून ते आपल्या घरात आलं. आणि गंमत बघा, जपानमध्ये 1990 साली पुढचं, 16 बिटांचं यंत्र आलंसुद्धा होतं. आमचं 'नवीन' तिथे तेव्हाच जुनं झालेलं होतं.

आता चित्रांकडे येऊ. पडदा 256 आडव्या आणि 240 उभ्या ठिपक्यांचा. चित्र काढणाऱ्या चिपजवळ स्वतःची स्मृती फक्त 2 किलोबाइट. एवढ्यात अख्खं चित्र मावत नाही. म्हणून 8 गुणिले 8 ठिपक्यांच्या फरशा करायच्या आणि त्याच पुन्हापुन्हा मांडायच्या. मारियोमधला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट बघा. आकार तोच, फक्त रंग बदललेला. 1985 सालचा तो आख्खा खेळ 40 किलोबाइटचा. मोबाइलवरच्या एका साध्या फोटोच्या जागेत असे पन्नास मारियो सहज मावतील.

हलणाऱ्या आकृत्यांनाही मर्यादा होती. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फार तर आठ तुकडे. नववा आला की तो दिसायचाच नाही. मग खेळ लिहिणारे दर क्षणी तुकड्यांचा क्रम बदलत, म्हणजे एकच कायमचा गायब न होता सगळे आळीपाळीने लुकलुकत. काँट्रामध्ये गर्दी झाली की माणसं लुकलुकायची आणि आम्ही टीव्हीला थापट्या मारायचो. टीव्ही बिचारा निर्दोष होता.

पण टीव्हीचा या सगळ्यात मोठा वाटा होता. अँटेनाच्या वायरीतून आलेलं चित्र काचेच्या फुगीर पडद्यावर थोडं पसरायचं, एका रंगाची कड शेजारच्या रंगात मिसळायची. आज त्याच खेळांची मोबाइलवर दिसणारी टोकदार चौकटी चौकटींची चित्रं आम्ही तेव्हा कधी पाहिलीच नव्हती. बंदुकीचंही तसंच. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड शोधायचा. आजचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर लावतो, तेवढ्यात वेळ चुकते. बंदूक धडधाकट असली तरी बदक पडत नाही. म्हणजे नुसता खेळ जपून भागत नाही. तो टीव्हीही त्या खेळाचाच भाग होता.

आणि इथेच आपली अडचण आहे. नकली कॅसेटमधल्या कितीतरी खेळांच्या पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचं नाव आणि साल पुसलेलं असायचं. बिल नाही, पावती नाही. इतिहास लिहायला कागद लागतो आणि या गोष्टीचा कागदच नाही. उरलीय ती वस्तू आणि आपली आठवण. वस्तूचं म्हणाल तर मढची खारी हवा धातूच्या पट्ट्यांना सोडत नाही. त्यात आम्ही फुंकर मारायचो, ती तोंडाची वाफ वेगळीच! खेळ सुरू व्हायचा तो फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून परत बसवल्याने. खोडरबराने पट्ट्या पुसणारा दोस्त जास्त शहाणा होता.

तेव्हा एक विनंती. माळ्यावरची ती पिशवी भंगारवाल्याला देण्याआधी उघडा. कॅसेटच्या लेबलचा फोटो काढा. कुठून आणलं, कितीला, कुणाच्या टीव्हीवर खेळलात, कुणी आणून दिलं, ते आईवडिलांना विचारून लिहून ठेवा. साल नक्की आठवत नसेल तर 'दहावीच्या आधीच्या पावसाळ्यात' एवढं लिहिलं तरी चालेल. कॅसेटवरचं साल तर केव्हाच पुसलंय. निदान आपलं तरी राहू द्या.