डबीवर नाव कोणाचं?

दागिना घेताना आपण बायका घडणावळ विचारतो, वजन दोनदा करायला लावतो, कुड्यांची फिरकी फिरवून बघतो. डबी मात्र सराफ देईल ती पिशवीत टाकतो. खरं तर दागिना आणि डबी ही जोडी फार जुनी आहे. कोणत्या काळात माणसांनी काय जपलं, काय लपवलं आणि ती वस्तू कोणाची मानली, हे डबीवरून कळतं.

मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याचंच बघा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याची फुलंही होती. पण एवढ्या पाच करंड्यांच्या आत जपलेलं काय होतं? मातीच्या भांड्याचे तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशा श्रद्धेने ठेवलेले. म्हणजे मोल ठरवते ती माणसाची माया, धातू नव्हे.

याच्या अगदी उलट गोष्ट आमच्या शेजारच्या उज्जैनची. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे विश्वासाने ठेवायला देते. दरिद्री झालेल्या त्या घरात दागिन्यांचा डबा बांधलेला असतो आंघोळीच्या जुन्या, विरलेल्या पंचात. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झोपेत बरळतो आणि तो डबा आपल्या हाताने चोराला देऊन टाकतो! फडक्याने दागिना लपला, पण राखला गेला नाही. आम्ही राहतो त्या सुदामा नगराचं नाव ज्याच्यावरून पडलं, त्या सुदाम्यानेही पोहे फडक्यातच बांधून नेले होते. मायेला फडकं पुरतं, ठेवीला नाही पुरत.

या नाटकातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ठेव चोरीला गेली हे कळल्यावर चारुदत्ताची बायको धूता, माहेरून मिळालेली आपली रत्नमाला काढून देते. नवऱ्याची अब्रू वाचते, आणि बायकोच्या धनावर वेळ निभावली याचं त्याला वाईटही वाटतं. म्हणजे ती माळ तिचीच, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे करंडा हा शब्द किती आपुलकीचा! कुंकवाचा करंडा तर घरोघरी होता. समंतभद्राचार्यांच्या ग्रंथाचं नावच 'रत्नकरंड श्रावकाचार'. सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र या तीन रत्नांचा करंडा. आचार्यांनाही उपमा सुचली ती बाईच्या पेटीतली, याचं मला कौतुक वाटतं. आई-आजीच्या काळी फणेरपेटी असे, पितळेचा कुलपाचा डबा असे, आणि किल्ली कमरेला. डब्यावर कोणाचं नाव नव्हतं, पण किल्ली कोणाकडे हे सगळ्या घराला माहीत असायचं.

मग डबीवर दुकानाचं नाव कुठून आलं? १९१३ साली आमच्या इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांनी पॅरिसच्या शोमे पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले. एकेक जवळपास ४७ कॅरेटचा. ते पुढे 'इंदूर पेअर्स' म्हणून जगभर गाजले. त्या काळच्या युरोपातल्या बड्या पेढ्या दागिना चामड्याच्या डबीत देत. आत मखमल, आणि झाकणाच्या अस्तरावर सोनेरी अक्षरांत पेढीचं नाव. आमच्या सराफ्यात मात्र वर्षानुवर्षं गुलाबी कागदाची पुडी चाले. त्या रंगावर सोनं खुलून दिसतं, आणि पुडी मुठीत मावते. आता पुडीच्या जागी लालभडक मोठी डबी आली. ती मिरवायला छान. पण लॉकरमध्ये दोन ठेवल्या की तिसरीला जागा नाही. मग बायका दागिने काढून पुन्हा सुती पिशव्यांत घालतात आणि डब्या कपाटावर धूळ खातात.

म्हणून डबी निवडताना विचारावं, या दागिन्याचा शत्रू कोण? सोन्याचा शत्रू घासणं. ते मऊ असतं, आणि हिरा त्याला सहज ओरखडतो. तेव्हा हिऱ्याची अंगठी आणि साधी साखळी एका कप्प्यात नको. चांदीचा शत्रू हवेतला गंधक, त्यानेच ती काळी पडते. तिला घट्ट झाकणाची डबी हवी, आणि रबर किंवा लोकर जवळ नको. मोत्याचा शत्रू अत्तर, घाम आणि फार कोरडी हवा. नथ मऊ सुती कापडात ठेवावी, प्लास्टिकच्या बंद पिशवीत वर्षानुवर्षं कोंडू नये. आपल्यातल्या ज्या घरी रेशीम आणि चामडं वर्ज्य, तिथे तर डबीचं अस्तर कशाचं आहे हेही विचारून घ्यावं. दागिना निर्दोष आणि डबी कोशेट्यांच्या जिवावर, असं कशाला?

आणि शेवटचं, सगळ्यांत मोठं. डबीत दागिन्याबरोबर त्याची पावती ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी असावा लागतो, तोही चिठ्ठीवर उतरवा. हा दागिना कोणी, कधी, कोणाला दिला ते दोन ओळींत लिहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली, आणि तो कायदा जैनांनाही लागू आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन बाईचंच. सासरी ठेवायला दिलं तरी ती ठेवच राहते. पण वाद होतो तेव्हा न्यायालयात माया चालत नाही, कागद लागतो. किती तरी जणींना आपल्याच बांगड्या आपल्या होत्या हे सिद्ध करता येत नाही, कारण डबीवर नाव असतं फक्त दुकानाचं.

लेकीला, सुनेला दागिना द्याल तेव्हा डबी लहान चालेल, साधी चालेल. झाकणाच्या आत मात्र तिचं नाव लिहा, आणि किल्ली तिच्या हातात द्या.